संशयिताचे प्राण आणि वाचकाची आज्ञा : व्हिक्टोरियन खूनरहस्याचे संगणकीय संहितारूप

प्रस्तावना

लंडनच्या नैर्ऋत्येस सरे परगण्यात लेदरहेड नावाचे गाव आहे. आर्थर कॉनन डॉइल यांच्या १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'द स्पेकल्ड बँड' या कथेत शेरलॉक होम्स आणि डॉ. वॉटसन वॉटर्लू स्थानकावर गाडी पकडतात, याच गावी उतरतात आणि तेथून घोडागाडीने स्टोक मोरनच्या वाड्याकडे जातात. पुढे ९२ वर्षांनी, म्हणजे १९८४ मध्ये, मेलबर्न हाउस या संस्थेने 'शेरलॉक' नावाचा एक संगणकीय खेळ प्रसिद्ध केला. त्यातील होम्सलाही रेल्वेने लेदरहेडच गाठावे लागते. तेथे दोन स्त्रियांचे खून झालेले आहेत. स्कॉटलंड यार्डचे इन्स्पेक्टर लेस्ट्रेड यांचा संशय मेजर फोक्स नावाच्या गृहस्थावर आहे, आणि होम्सने वेळेत पुरावा आणला नाही तर या मेजरची धडगत नाही. डॉइल यांच्या कथेत आणि या खेळात मूलभूत अंतर एवढेच की, खेळातला होम्स स्वतःहून काहीही करीत नाही. कळफलकापुढे बसलेली व्यक्ती जे वाक्य टंकलिखित करील तेच तो करतो. त्या व्यक्तीला काही सुचले नाही तर होम्सलाही काही सुचत नाही, आणि घड्याळ मात्र पुढे सरकत राहते.

छापील रहस्यकथेत निरपराध संशयिताचे प्राण वाचकाच्या हाती कधीच नसतात. वाचक पेंगला, एखादे पान गाळून पुढे गेला, खुनी म्हणून भलत्याच पात्राकडे बोट दाखवून मोकळा झाला, तरी अखेरच्या पानावर गुप्तहेर योग्य माणसाला पकडतोच. वाचकाच्या चुकीची किंमत कोणालाही मोजावी लागत नाही. खूनरहस्य जेव्हा आंतरक्रियात्मक संहितेचे रूप घेते तेव्हा ही सुरक्षितता नाहीशी होते. वाचकाची चूक ही कथेतील घटना बनते. प्रस्तुत लेखात या बदलाचा विचार प्रामुख्याने १९८४ चा 'शेरलॉक' आणि इन्फोकॉम या अमेरिकन कंपनीचा १९८७ चा 'शेरलॉक : द रिडल ऑफ द क्राउन ज्यूल्स' या दोन कृतींच्या आधारे केला आहे. अनुषंगाने इन्फोकॉमच्याच १९८२ च्या 'डेडलाइन'चाही विचार करावा लागतो, कारण संगणकावरील खुनाच्या तपासाची रीत प्रथम नीट बसविली ती त्या कृतीने.

या प्रकाराशी परिचय नसलेल्या वाचकासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. यात चित्रे नसतात किंवा असली तरी गौण असतात. पडद्यावर एखाद्या जागेचे वर्णन येते. वाचक 'दार उघड', 'पत्र वाच' अशी आज्ञा टंकलिखित करतो, आज्ञावली त्या वाक्याचे पृथक्करण करून परिणाम गद्यात सांगते, आणि मग पुढील आज्ञेची वाट पाहते. विल क्राउदर यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यास रचलेला व डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये विस्तारलेला 'ॲडव्हेंचर' हा या परंपरेचा आरंभ मानला जातो. त्यात एक गुहा होती आणि गुहेतील खजिना. खून, साक्षीदार आणि न्यायालय यांचा प्रवेश नंतर झाला. मेरी ॲन बकल्स यांनी १९८५ मध्ये 'ॲडव्हेंचर'वर प्रबंध सादर केला, एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) मध्ये 'डेडलाइन'ची चिकित्सा केली, आणि निक मॉन्टफर्ट यांनी 'ट्विस्टी लिटल पॅसेजेस' (२००३) मध्ये या वाङ्मयप्रकाराचे नाते थेट उखाण्याशी जोडले. अभ्यासाचा विषय म्हणून हा प्रकार आज नवखा राहिलेला नाही.

वॉटसनचा पडदा

मराठी वाचकाला होम्स प्रामुख्याने भालबा केळकरांच्या अनुवादांतून भेटला, आणि बहुतेकांच्या मनावर ठसा उमटला तो होम्सच्या तर्कशक्तीचा. परंतु व्हिक्टोरियन होम्सकथा वाचकाला त्या तर्कात सहभागी करून घेते काय, हे तपासून पाहण्यासारखे आहे. १८८७ साली 'बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये होम्स वाटेत तार कचेरीत थांबून एक लांबलचक तार पाठवितो. वॉटसन ते पाहतो. तार कोठे गेली, तीत काय विचारले आणि उत्तर काय आले, हे मात्र वाचकाला कळते ते खुनी पकडला गेल्यानंतर. ती तार क्लीव्हलंडच्या पोलिसांना होती, आणि तिच्या उत्तरातच खुन्याचे नाव होते. म्हणजे वाचकाजवळ तो दुवा नव्हताच, आणि जो दुवा दिलेलाच नाही त्यावरून तर्क करणे कोणालाच शक्य नाही.

याला डॉइल यांचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना कोडे घालायचे नव्हते, विस्मय निर्माण करायचा होता. वॉटसन हा त्या विस्मयाचा पडदा आहे. तो होम्सइतकेच पाहतो, पण त्याला दिसते कमी, आणि वाचक त्याच्या डोळ्यांपलीकडे जाऊ शकत नाही. वाचकापुढे सर्व दुवे उघडे ठेवलेच पाहिजेत हा दंडक पुढच्या काळातला. एस. एस. व्हॅन डाइन यांचे वीस नियम १९२८ चे, रोनाल्ड नॉक्स यांची दशसूत्री १९२९ ची. दोन महायुद्धांमधील त्या काळात रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातील सामना बनला. १९३६ मध्ये डेनिस व्हीटली यांनी जे. जी. लिंक्स यांच्या सहकार्याने 'मर्डर ऑफ मायामी' प्रसिद्ध केली तेव्हा तर कादंबरीऐवजी पोलिसी कागदपत्रांची फाईलच वाचकाच्या हाती आली. तीत साक्षी होत्या, छायाचित्रे होती, केस आणि काडी यांसारख्या वस्तू होत्या, आणि उत्तर मोहरबंद पानांत होते. 'डेडलाइन'च्या खोक्यात खेळाच्या तबकडीसोबत पोलिसी कागद आणि पुराव्याच्या गोळ्या घातल्या होत्या, त्या थेट व्हीटली यांच्या या फाईलींच्या प्रेरणेने.

संगणकीय खेळाला या दोन परंपरांपैकी निवड करण्याची मुभाच नव्हती. तपास करणारा वाचकच असेल तर त्याच्यापासून तार लपविता येत नाही, कारण ती तार त्यानेच पाठवायची असते. म्हणून व्हिक्टोरियन म्हणवून घेणारा हा खेळ आतून १९३० च्या दशकातील कोडे असतो. त्याच्या अंगावर एकोणिसाव्या शतकाचा डगला असतो, धुके, घोडागाड्या आणि बेकर स्ट्रीट असते, पण सांगाडा नॉक्स आणि व्हॅन डाइन यांचा असतो. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. मात्र या कृतींची जाहिरात 'होम्सकथेत प्रवेश करा' अशा आमंत्रणाची असते, आणि ज्या कथेत प्रवेश मिळतो ती होम्सकथा नसते, एवढे समीक्षकाने नोंदवावयास हवे.

नाम, क्रियापद आणि अभाव

'द स्पेकल्ड बँड' मात्र या बाबतीत अपवादात्मक कथा आहे. स्टोक मोरनच्या त्या शयनगृहात होम्स जे पाहतो ते बहुतांशी वॉटसनही पाहतो आणि वाचकही. घंटेची दोरी ओढली असता घंटा वाजत नाही. छतालगतच्या झरोक्याचे तोंड बाहेरच्या हवेकडे नसून शेजारच्या खोलीत आहे. पलंग जमिनीला खिळवून टाकलेला आहे. शेजारच्या खोलीत लोखंडी तिजोरी आहे, तिच्यावर दुधाची बशी आहे, आणि टोकाशी फास असलेला एक चाबूक आहे. या प्रसंगाचे खेळात रूपांतर करणे वरकरणी किती सोपे वाटते! 'दोरी ओढ', 'पलंग सरकव', 'झरोका तपास', 'बशी पाहा' या आज्ञा जणू कथेतच लिहून ठेवल्या आहेत.

पण होम्स यापलीकडे एक गोष्ट करतो. तो दोरी, झरोका आणि पलंग या तीन गोष्टी एका विचारात आणतो. पलंग हलत नाही, म्हणून त्यावर निजणारी व्यक्ती दोरीखालीच राहणार. दोरी झरोक्यापासून लोंबते, म्हणून झरोक्यातून काहीतरी दोरीवरून खाली उतरणार. ही 'म्हणून' नावाची क्रिया कोणत्याही आज्ञावलीला टंकलिखित करून सांगता येत नाही. आज्ञावलीला नाम लागते आणि क्रियापद लागते. अनुमान हे दोहोंतही बसत नाही. ते वाचकाच्या डोक्यात, यंत्राच्या बाहेर घडते, आणि यंत्राला त्याचा पत्ताही नसतो. यंत्र फार तर परिणामावरून ओळखू शकते की, वाचक त्या रात्री दिवा विझवून त्या खोलीत काठी घेऊन बसला किंवा नाही. तसा तो पूर्ण आकलनाने बसला असेल अथवा दुसरे काही सुचेना म्हणून बसला असेल, यंत्राच्या लेखी दोहोंत फरक नाही. संगणकीय खूनरहस्यातील निम्म्या अडचणींचे मूळ येथे आहे.

याहून बिकट प्रश्न अभावाचा. 'सिल्व्हर ब्लेझ' (१८९२) या कथेत तबेल्यातील कुत्रा रात्री भुंकला नाही, यावरून होम्स ओळखतो की आत आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. ही घडलेली घटना नाही, न घडलेली घटना आहे. वाचकाने 'कुत्रा तपास' असे टंकलिखित केले तर खेळ कुत्र्याचे वर्णन करील. 'न भुंकणे तपास' अशी आज्ञा संभवत नाही. बरे, जी वस्तू तेथे नाही तिचे नाव खेळाने शब्दसंग्रहात आगाऊ घालून ठेवले, तर खेळाने तो शब्द ओळखणे हाच दुवा ठरतो आणि रहस्य फुटते. ही अडचण रचनाकाराच्या कौशल्याने पूर्णतः दूर होईल असे वाटत नाही. ती या माध्यमाच्या व्याकरणातच आहे.

व्हिक्टोरियन काळातील एका गाजलेल्या खऱ्या तपासाचे मर्म अशाच एका अभावात होते. ३० जून १८६० च्या पहाटे विल्टशरमधील रोड हिल हाउस या घरातून सॅव्हिल केंट हे चार वर्षेही पूर्ण न झालेले मूल नाहीसे झाले आणि आवारातील शौचकूपात गळा चिरलेल्या अवस्थेत त्याचे शव मिळाले. स्कॉटलंड यार्डने इन्स्पेक्टर जोनाथन व्हिचर यांना पाठविले. व्हिचर यांचा तर्क मुलाची सावत्र बहीण, सोळा वर्षांची कॉन्स्टन्स केंट, हिच्यावर स्थिरावला. आधार होता तो एका नसलेल्या वस्तूचा. तिच्या कपड्यांच्या यादीप्रमाणे तिच्याजवळ तीन रात्रपोशाख हवे होते आणि त्यांपैकी एक सापडत नव्हता. व्हिचर यांनी तिला अटक केली, पण हरवलेला पोशाख हा न्यायासनापुढे ठेवता येण्याजोगा पुरावा नव्हता. मुलगी सुटली. माळ्याच्या पोटी जन्मलेल्या एका पोलिसाने प्रतिष्ठित घरातील मुलीवर किटाळ आणले, म्हणून व्हिचर यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. १८६४ मध्ये त्यांनी सेवा सोडली. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतः गुन्ह्याची कबुली दिली. विल्की कॉलिन्स यांच्या 'द मूनस्टोन' (१८६८) मधील डाग पडलेला आणि हरवलेला रात्रपोशाख, तसेच सार्जंट कफ हे पात्र, यांवर या प्रकरणाची गडद छाया आहे.

व्हिचर यांचा तर्क बरोबर होता आणि पुरावा अपुरा होता. तर्क व पुरावा यांतील ही दरी होम्सकथांत क्वचितच जाणवते, कारण तेथे खुनी बहुधा अखेरीस स्वतःच सर्व बोलून टाकतो. आश्चर्य असे की, ती दरी सर्वांत स्पष्टपणे दाखविली ती व्हिक्टोरियन नसलेल्या 'डेडलाइन'ने. मार्क ब्लँक यांच्या या खेळात मार्शल रॉबनर हा उद्योगपती आतून बंद असलेल्या ग्रंथालयात औषधाच्या अतिसेवनाने मेलेला आढळतो. सर्वांना ती आत्महत्या वाटते. वाचकाला सकाळपासून रात्रीपर्यंत बारा तास मिळतात. तो कधीही, कोणालाही अटक करू शकतो. मग खेळ संपतो आणि पुढे न्यायालयात त्या प्रकरणाचे काय झाले ते सांगितले जाते. खुनी बरोबर ओळखला, पण हेतू वा साधन सिद्ध करणारी वस्तू हाती नसली, तर आरोपी सुटतो. वाचकाला नेमके काय कमी पडले याची सूचना मिळते. अनुमान टंकलिखित करता येत नाही या अडचणीवर ब्लँक यांनी शोधलेली ही तोड आहे. त्यांनी अनुमानाची परीक्षा घेणे सोडून दिले आणि पुराव्याची परीक्षा घेतली.

येथे भाषेविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. इंग्रजी आज्ञार्थात कोण कोणाला सांगतो आहे हे झाकलेले राहते. मराठीत ते झाकता येत नाही. असा खेळ मराठीत रचायचा झाला तर 'झरोका तपास' की 'झरोका तपासा' हा प्रश्न पहिल्याच ओळीला उभा राहील. वाचक स्वतःलाच सांगतो आहे, यंत्राला हुकूम सोडतो आहे, की होम्ससारख्या ज्येष्ठाला विनंती करतो आहे? 'शेरलॉक'मध्ये वॉटसनशी बोलण्यासाठी त्याचे नाव घेऊन अवतरणचिन्हांत वाक्य लिहावे लागते. तेथे 'सांग' लिहिणारा होम्स आणि 'सांगा' लिहिणारा होम्स ही दोन वेगळी माणसे होतील. इंग्रजी रचनाकारांना या निवडीतून सूट मिळाली, आणि 'तू कोण आहेस' हा प्रश्न त्यांना फारसा पडलाच नाही.

लेदरहेडची गाडी

'शेरलॉक'चे रचनाकार फिलिप मिचेल. त्यांनी व्हेरोनिका मेग्लर यांच्यासह रचलेला 'द हॉबिट' (१९८२) त्यापूर्वीच प्रसिद्धी पावला होता. त्या खेळातील दोन वैशिष्ट्ये 'शेरलॉक'मध्ये उतरली. एक म्हणजे पूर्ण वाक्ये समजणारी 'इंग्लिश' नावाची पृथक्करण-पद्धती (हे नाव मुद्दाम बदललेल्या वर्णलेखनाचे होते), आणि दुसरे म्हणजे वाचकाची वाट न पाहता हिंडणारी, आपापले व्यवहार करणारी पात्रे. हे सर्व झेडएक्स स्पेक्ट्रमसारख्या ४८ किलोबाइट स्मृतीच्या घरगुती संगणकावर बसविले होते, ही गोष्ट आजच्या वाचकाने ध्यानात ठेवली पाहिजे. एखादे साधे छायाचित्रही आज याहून कितीतरी अधिक जागा घेते.

या कृतीचे खरे बळ वेळेत आहे. गाड्या वेळापत्रकाप्रमाणे सुटतात. लेस्ट्रेड येतात आणि जातात, वाचक तेथे असो वा नसो. साक्षीदार घरी असण्याची एक वेळ असते, आणि वाचक स्थानकावर ताटकळत राहिला तर ती टळून जाते. त्सवेतान तोदोरोव यांनी १९६६ च्या आपल्या लेखात रहस्यकथेत दोन कथा असतात असे म्हटले. एक गुन्ह्याची, ती संपलेली असते. दुसरी तपासाची, ती घडत असते, पण तपास करणाऱ्याला सहसा धोका नसतो. मिचेल यांनी या दुसऱ्या कथेत धोका आणला, मात्र तो तपास करणाऱ्याला नाही. तो मेजर फोक्स यांना आहे. वाचकाने चुकीच्या घरात घालविलेला प्रत्येक तास त्या माणसाच्या आयुष्यातून वजा होतो. डॉइल यांच्या कथांतही काही निरपराध माणसे संशयाच्या छायेत उभी असतात, पण त्यांच्याविषयी वाचकाला चिंता वाटते ती होम्सच्या भरवशावर. येथे भरवसा ठेवायला कोणीच नाही.

हे बळ मान्य करूनही कृतीतील उणिवा झाकण्याचे कारण नाही. पात्रे स्वतंत्रपणे हिंडतात, पण स्वतंत्रपणे बोलत मात्र नाहीत. साक्षीदाराला विचारलेल्या बहुसंख्य प्रश्नांना ठोकळेबाज उत्तर येते, आणि ज्या वाङ्मयप्रकारात साक्ष हाच प्राण, तेथे ही उणीव गंभीर ठरते. वाक्यरचना थोडी बदलली की यंत्राला अर्थ लागत नाही. याखेरीज आज्ञावलीत तांत्रिक दोषही राहून गेले होते. कादंबरीत मुद्रणदोष राहिला तर वाचक तो ओलांडून पुढे जातो. खूनरहस्याच्या खेळात दोष राहिला तर वाचकाला ठरविताच येत नाही की, हा दोष आहे की दुवा. एखादे पात्र अकारण एका जागी खिळून राहिले तर ते संशयास्पद मानावे काय? नॉक्स यांच्या दशसूत्रीत या प्रकारच्या अन्यायाला नियम नाही. त्यांना याची कल्पना असण्याचे कारणही नव्हते.

आणखी एक आक्षेप अधिक मूलगामी आहे. वाचकाला होम्स बनविल्याने होम्स नाहीसा होतो. डॉइल यांचा होम्स आपल्याला मोहवितो तो आपल्यापेक्षा वेगळा असल्यामुळे. जो माणूस वेळापत्रक चुकतो, रिकाम्या खोलीत चौथ्यांदा शिरतो, वॉटसनला तोच प्रश्न पुन्हा विचारतो, त्याला होम्स हे नाव शोभत नाही. मजकूर त्याला होम्स म्हणतो आणि कृती त्याला लेस्ट्रेड ठरवितात. ही विसंगती विनोदाला उपकारक ठरली असती. परंतु खेळ ती गांभीर्याने रेटतो.

वॉटसन पुढे येतो

ही अडचण ओळखली ती बॉब बेट्स यांनी. त्यांच्या 'द रिडल ऑफ द क्राउन ज्यूल्स'मध्ये वाचक वॉटसन असतो. काळ जून १८८७, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचा. टॉवर ऑफ लंडनमधून राजचिन्हांची रत्ने चोरीस गेली आहेत आणि ती ४८ तासांत परत मिळवायची आहेत. योगायोगाने खेळातले १८८७ हे वर्ष होम्सच्या पहिल्या कथेच्या प्रकाशनाचे आहे, आणि खेळही तिच्या शताब्दीच्या वर्षी आला. होम्स तपासाची सूत्रे वॉटसनकडे सोपवितो, कारण गुन्हेगाराने हा सापळा होम्सच्याच विचारपद्धतीचा अंदाज घेऊन रचला असावा असे त्याला वाटते. तो बरोबर असतो, ऐकतो, अधूनमधून बोलतो, पण निर्णय वॉटसनचा.

कथनाच्या दृष्टीने ही युक्ती अतिशय चतुर आहे. चुका करण्याचा हक्क वॉटसनला परंपरेनेच मिळालेला आहे, त्यामुळे वाचकाचे चाचपडणे पात्राला विसंगत ठरत नाही. पडदा म्हणून जन्मलेला निवेदक शंभर वर्षांनी रंगभूमीच्या मध्यभागी येतो. मात्र या चातुर्याची किंमत बेट्स यांनी अन्यत्र चुकविली. त्यांनी खून सोडून चोरी घेतली, आणि साक्षीदारांच्या जागी ओळींमध्ये दडविलेले उखाणे आणले. वाचक वेस्टमिन्स्टर ॲबेत जातो, मादाम तुसाँच्या मेणपुतळ्यांत जातो, आणि एकेक कोडे सोडवितो. ही कोडी देखणी आहेत. पण ती गुन्हेगाराने मुद्दाम मांडून ठेवलेली कोडी आहेत, आणि मांडून ठेवलेल्या दुव्याला खऱ्या अर्थाने दुवा म्हणता येत नाही. रोड हिल हाउसमधील रात्रपोशाख कोणी व्हिचर यांच्यासाठी लपविला नव्हता. तपास म्हणजे अनिच्छेने मागे राहिलेल्या खुणा वाचणे. 'रिडल'मध्ये वाचक गुन्हेगाराने त्याच्यासाठीच लिहिलेले पत्र वाचत असतो. मॉन्टफर्ट यांनी या वाङ्मयप्रकाराचे पूर्वज म्हणून उखाण्याकडे बोट दाखविले ते या कृतीला तंतोतंत लागू पडते, आणि नेमके त्यामुळेच तिला खूनरहस्याच्या कुळात बसविणे अवघड होते. शिवाय कोणी मरण्याच्या बेतात नाही. वेळ संपली तर राज्याची नाचक्की होईल, एवढेच.

दोन कृतींची तुलना करता, रचनेची सफाई निःसंशय बेट्स यांच्याकडे आहे. तरीही समीक्षकाने झुकते माप मिचेल यांच्या ओबडधोबड 'शेरलॉक'ला द्यावे असे प्रस्तुत लेखाचे मत आहे, कारण त्यात वाचकाच्या अज्ञानाला परिणाम आहे.

अटक आणि पुनरारंभ

या मतावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप येतो. मेजर फोक्स खरोखर मरत नाहीत. खेळ पुन्हा सुरू करता येतो, किंवा मधल्या टप्प्यावर जतन करून ठेवलेली स्थिती परत आणता येते. किंबहुना बहुतेक वाचक असा तपास अनेकदा हरूनच पुरा करतात. पहिल्या फेरीत साक्षीदार केव्हा कोठे असतो हे कळते, दुसऱ्या फेरीत वाचक तेथे आधीच जाऊन थांबतो. म्हणजे अखेरीस यशस्वी होणाऱ्या होम्सजवळ असे ज्ञान असते जे त्या होम्सला मिळालेलेच नाही; ते आधीच्या, अपयशी होम्सचे आहे. तर्कशास्त्राच्या दृष्टीने ही लबाडी आहे. व्हॅन डाइन आणि नॉक्स यांनी दैवी साक्षात्काराला रहस्यकथेत बंदी घातली होती, आणि पुनरारंभ हा साक्षात्काराचाच प्रकार आहे. २००७ मध्ये ख्रिस हुआंग यांनी 'ॲन ॲक्ट ऑफ मर्डर' या खेळात यावर एक उपाय योजला. तेथे खुनी प्रत्येक वेळी बदलतो, त्यामुळे मागील फेरीचे ज्ञान कामास येत नाही. पण मग गुन्ह्याची कथा, जी तोदोरोव यांच्या मते संपलेली आणि स्थिर असते, तीच अस्थिर होते. सत्य शोधायचे तर ते आधी कोठेतरी असावे लागते. नाणेफेकीने ठरणारा खुनी पकडल्याचे समाधान हे खुनी पकडल्याचे समाधान नव्हे.

त्यापेक्षा आक्षेपाकडे उलट बाजूने पाहणे अधिक फलदायी ठरेल. पहिल्या फेरीत मेजर फोक्स यांच्याविषयी वाचकाने काय केले, हे दुसऱ्या फेरीने पुसले जात नाही. आज्ञावली ते विसरते, वाचक विसरत नाही. छापील कथा संपल्यावर वाचक म्हणू शकतो की मला शंका होतीच. खेळात तसे म्हणता येत नाही, कारण त्याने कोणत्या घरात किती वेळ घालविला आणि कोणाचे बोट धरले हे त्याने स्वतःच टंकलिखित केलेले असते. मराठीत बाबुराव अर्णाळकरांच्या शेकडो कादंबऱ्या एका बैठकीत वाचणाऱ्या पिढीला झुंजारच्या हातून निरपराध मरणार नाही याची खात्री होती, आणि त्या खात्रीपोटीच ती पाने भराभर उलटली जात. येथे पान उलटण्यापूर्वी थांबावे लागते.

त्या थांबण्याला १९८४ मध्ये एक अगदी भौतिक किंमतही होती. स्पेक्ट्रमवर खेळाची स्थिती जतन करायची ती ध्वनिफितीवर. फीत गुंडाळायची, ध्वनिमुद्रक लावायचा, कर्कश आवाज थांबेपर्यंत वाट पाहायची, आणि चूक झाल्यावर परत आणायची म्हणजे पुन्हा तोच सोपस्कार. फीत खराब निघाली तर सर्व तपास पहिल्यापासून. आज हाच खेळ अनुकरण-प्रणालीवर खेळला असता एक कळ दाबून क्षणार्धात मागे जाता येते, आणि लेदरहेडची सकाळची गाडी चुकली तरी कोणाचेही काही बिघडत नाही.